जन्म पैठणचा, आमदारकी नांदेडची

गोदावरीच्या पाणीवाटपाचे कागद वाचायला घेतले की पैठणचं नाव पुन्हा पुन्हा समोर येतं. नाथांचं गाव, सातवाहनांची राजधानी, पैठणीचं माहेर ही त्याची ओळख त्या कागदांत कुठेच नाही. तिथे पैठण ही एक हद्द आहे. 6 ऑक्टोबर 1975 रोजी महाराष्ट्र आणि आंध्र प्रदेश यांच्यात करार झाला. गोदावरीवर पैठणच्या धरणापर्यंत आणि पूर्णेवर सिद्धेश्वरच्या धरणापर्यंत जेवढं पाणी येईल, तेवढं सगळं महाराष्ट्राने वापरावं, असं त्यात ठरलं. तिथून खाली, पोचमपाडच्या धरणापर्यंतच्या खोऱ्यात महाराष्ट्राने नव्या प्रकल्पांसाठी 60 टीएमसीपेक्षा जास्त पाणी घेऊ नये, असंही ठरलं. गोदावरी लवादाने 1980 च्या निवाड्यात हा करार सामावून घेतला आणि पैठणची रेषा कायमची झाली.

हा करार झाला तेव्हा महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते शंकरराव भाऊराव चव्हाण. त्यांचा जन्म 14 जुलै 1920 चा, पैठणचाच. आयुष्यभर ते ओळखले गेले नांदेडचे म्हणून. मतदारसंघ आधी धर्माबाद आणि मग भोकर. घर, माणसं, राजकारण सगळं नांदेड जिल्ह्यात. पैठणने त्यांना मत देण्याचा प्रश्नच कधी आला नाही. तरीही पैठण तालुक्याचा आजचा नकाशा ज्या एका लोकप्रतिनिधीच्या कामामुळे बदलला, तो हाच. पुढची पानं त्यांच्या आमदारकीबद्दल आहेत.

हे चरित्र नाही, हे आधीच सांगून टाकतो. शंकरराव दोनदा मुख्यमंत्री झाले, केंद्रात अर्थमंत्री झाले, 1991 ते 1996 या अत्यंत कठीण काळात गृहमंत्री होते. 6 डिसेंबर 1992 ला बाबरी मशीद पडली आणि त्यानंतर मुंबई पेटली, तेव्हा देशाच्या गृहखात्याची जबाबदारी त्यांच्याकडे होती. त्या काळाचा हिशेब व्हायला हवा, पण तो दिल्लीच्या इतिहासात. इथे विषय वेगळा आहे. रेल्वे, वीज, पाटबंधारे, उद्योग या प्रत्येक बाबतीत मागे राहिलेल्या जिल्ह्यातून एक वकील विधानसभेत जातो आणि पंधरा-वीस वर्षं एकाच प्रश्नाला धरून बसतो, तेव्हा त्यातून नेमकं काय उभं राहतं आणि काय राहून जातं, एवढंच मला पाहायचं आहे.

शंकररावांच्या पिढीच्या मराठवाड्यातल्या कार्यकर्त्यांची घडण उर्वरित महाराष्ट्राहून निराळी होती. पुण्या-मुंबईचा कार्यकर्ता इंग्रजांविरुद्ध लढला. त्याच्याकडे नगरपालिका, कौन्सिल, वर्तमानपत्रं, शिक्षणसंस्था असं काही ना काही आधीपासून होतं. निजामाच्या राज्यात यातलं फार थोडं होतं, आणि जे होतं ते मराठीत नव्हतं. शंकररावांनी कायद्याचं शिक्षण उस्मानिया विद्यापीठात घेतलं, पण स्वामी रामानंद तीर्थांच्या हाकेला ओ देऊन वकिली बाजूला ठेवली आणि ते मुक्तिसंग्रामात उतरले. 17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थान भारतात आलं. त्यानंतर ते नांदेडचे नगराध्यक्ष झाले. 1956 मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, तेव्हा ते महसूल खात्याचे उपमंत्री झाले. पुढच्याच वर्षी धर्माबादमधून निवडून आले.

महसूल खात्यातला हा काळ त्यांच्या चरित्रकारांनी दोन ओळींत उरकलेला असतो. माझ्या मते तो फार मोलाचा आहे. सातबारा, खासरा, इनामं, कुळं, गायरानं यांचा गुंता जिल्ह्याजिल्ह्यांत वेगळा होता, आणि हैदराबादकडून आलेल्या पाच जिल्ह्यांत तो सर्वांत किचकट होता. धरण म्हणजे अखेर जमिनीचा व्यवहार. कोणाची जमीन बुडणार, कोणाची भिजणार, कोणाला किती मावेजा मिळणार, हे ज्याला महसुलाच्या भाषेत समजतं, त्याला पाटबंधारे खात्याची फाइल पटकन उलगडते. 1960 मध्ये महाराष्ट्र राज्य झालं आणि पाटबंधारे व वीज खातं त्यांच्याकडे आलं, तेव्हा ही तयारी झालेली होती.

ते खातं त्यांच्याकडे 1972 पर्यंत होतं. यशवंतराव चव्हाण, मारोतराव कन्नमवार, वसंतराव नाईक असे मुख्यमंत्री बदलत गेले, पाटबंधारे मंत्री तेच राहिले. आज एका खात्यात सलग अडीच वर्षं काढणारा मंत्री अनुभवी गणला जातो. धरणाला सर्वेक्षणापासून कालव्यात पाणी येईपर्यंत पंधरा-वीस वर्षं लागतात. त्यातली बारा वर्षं एकच मंत्री त्याच टेबलावर असेल, तर कोणत्या अभियंत्याने कधी काय कबूल केलं होतं, कोणती मान्यता कोणत्या टेबलावर अडली आहे, हे त्याला कोणी सांगावं लागत नाही. शंकररावांबद्दल अधिकाऱ्यांत जो धाक होता, त्यांना हेडमास्तर म्हणण्याची जी रीत पडली, तिचं मूळ त्यांच्या स्वभावाइतकंच या स्मरणातही होतं.

जायकवाडीची गोष्ट सुरू होते ती हैदराबाद राज्यात. गोदावरीवर धरण बांधायचं ठरलं होतं ते बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी या गावाजवळ. मराठवाडा महाराष्ट्रात आल्यावर नव्याने पाहणी झाली आणि जागा शंभरेक किलोमीटर वर, पैठणला सरकली. नाव मात्र जुनंच राहिलं. ज्या गावाजवळ धरण झालंच नाही, त्या गावाचं नाव आज मराठवाड्यातल्या पोराटोरांच्या तोंडी आहे. जलाशयाला नंतर नाथसागर हे नाव मिळालं, पण पाण्याचा आकडा विचारायचा तर आजही आमच्याकडे लोक जायकवाडी किती टक्के भरलं, असंच विचारतात.

पैठणची जागा निवडणं ही साधी बाब नव्हती. नदी इथे पसरट आहे, दोन्ही काठ सपाट. कोयनेसारखी दरी इथे नाही, म्हणून भिंत लांबच लांब बांधावी लागली: जवळजवळ 10 किलोमीटर लांबीचा मातीचा बांध, मधे 27 दरवाजांचा सांडवा. उथळ पाणी साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या आसपास पसरलं. एकूण साठा 2,909 दशलक्ष घनमीटर, म्हणजे सुमारे 102 टीएमसी. त्यातला उपयुक्त साठा 2,171 दशलक्ष घनमीटर, सुमारे 76 टीएमसी. डावा कालवा 208 किलोमीटर, उजवा 132. पहिल्या टप्प्यात दोन्ही कालव्यांवर मिळून सुमारे 1 लाख 83 हजार हेक्टर जमीन भिजवायचं नियोजन होतं. पसरट जलाशयाचा तोटा उघड होता: बुडीत क्षेत्र मोठं आणि उन्हाळ्यात वाफ होऊन जाणारं पाणीही मोठं. वरच्या नगर आणि नाशिक जिल्ह्यांत दारणा आणि भंडारदरा ही ब्रिटिश काळातली धरणं होतीच, गंगापूर आणि मुळा होऊ घातली होती. एवढं सगळं वर अडल्यावर पैठणला पाणी येणार कुठून, हा आक्षेप तेव्हाच घेतला गेला होता. तो आक्षेप पोकळ नव्हता, हे पुढे सिद्ध झालं.

शंकररावांनी तो आक्षेप बाजूला सारून प्रकल्प रेटला. 18 ऑक्टोबर 1965 रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली. 24 फेब्रुवारी 1976 रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झालं. पायाभरणीच्या वेळी शंकरराव खात्याचे मंत्री होते, उद्घाटनाच्या वेळी राज्याचे मुख्यमंत्री. त्यांची प्रशस्ती करणारे इथे थांबतात आणि त्यांना आधुनिक भगीरथ म्हणतात. दुसरीही एक गोष्ट या दोन तारखांच्या शेजारी ठेवायला हवी. 24 फेब्रुवारी 1976 ला देशात आणीबाणी होती. पैठणला मंडप सजला तेव्हा महाराष्ट्रातले कितीतरी विरोधी कार्यकर्ते आणि नेते तुरुंगात होते. धरण बांधणारं सरकार तेच आणि माणसं डांबणारं सरकारही तेच. शंकररावांच्या पहिल्या मुख्यमंत्रिपदाचा, फेब्रुवारी 1975 ते मे 1977 या काळाचा, जवळजवळ सगळा भाग आणीबाणीत गेला. शिस्तीचं कौतुक करताना ती शिस्त कोणत्या हवेत चालली होती, याचा विसर पडू देणं मला मान्य नाही. मराठवाड्यात पाण्याबद्दलची कृतज्ञता इतकी मोठी आहे की हा प्रश्न कोणी फारसा विचारत नाही.

आता त्या धरणाच्या बुडाशी जाऊ. पैठण, गंगापूर, शेवगाव आणि नेवासा तालुक्यांतली गावं पाण्याखाली गेली. गोदाकाठची ती जमीन म्हणजे काळी, खोल, गहू-हरभऱ्याची. आमच्या भागात गोदावरीला गंगाच म्हणतात, आणि गंगेकाठची जमीन असलेला शेतकरी कमी पावसाच्या सालीही उपाशी राहत नसे. त्याला नोटीस आली. मावेज्याचा दर सरकारने ठरवला. तो पटला नाही म्हणून ज्याने कोर्टाचा रस्ता धरला, त्याला वाढीव मावेजा मिळेपर्यंत त्याची मुलं कर्ती झाली होती. नव्या गावठाणात प्लॉट मिळाले, शाळा आल्या, पण पाण्याची सोय कितीतरी ठिकाणी उशिरा आली. धरणग्रस्ताच्या दाराशी टँकर उभा, हे चित्र आम्ही डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

उन्हाळ्यात जलाशय आटू लागला की उघड्या पडलेल्या गाळाच्या जमिनीत पेरणी होते. तिला गाळपेर म्हणतात. खत लागत नाही, ओल आपोआप मिळते, टरबूज-काकडीपासून हरभऱ्यापर्यंत काहीही उतरतं. ज्या कुटुंबांची जमीन बुडाली, त्यांपैकी काही जण त्याच जमिनीवर आता परवानगी काढून, दरवर्षी नव्याने, पेरतात. आजोबांच्या नावचा सर्व्हे नंबर नातवाला ठाऊक असतो. एकदा एका वृद्ध शेतकऱ्याने मला ओल्या गाळात उभं राहून हाताने दाखवलं: इथे आमचा वाडा, तिथे मारुती, ती चिंच म्हणजे गावाची शीव. तिथे चिंच नव्हती. पण त्यांचा हात एकदाही चुकला नाही, आणि पाणी परत कधी चढेल याचा दिवसही ते अचूक सांगत होते. अशी माणसं विधानसभेच्या कामकाजात अंकांच्या रूपाने येतात. बाधित कुटुंबं इतकी, संपादित क्षेत्र इतकं. ते अंक वाचताना हा हात डोळ्यांपुढे असावा, म्हणून मुद्दाम लिहिलं.

कालव्याच्या खालच्या टोकाची कथा वेगळी, पण दुःख सारखंच. ज्याला रब्बीला पाणी हवं, त्याने सात नंबरचा अर्ज भरायचा. मग पाळी सुटते. मुख्य कालव्यातून वितरिकेत, वितरिकेतून चारीत, चारीतून शेतात. शेजपाळीचा नियम असा की पाणी आधी शेपटाकडच्या शेताला आणि मग वर येत यायचं. कागदावर नियम सुंदर आहे. प्रत्यक्षात वरचा माणूस रात्री दारं मोडतो, मोटार टाकतो, आणि आठ-दहा दिवसांची पाळी संपत आली तरी शेपटाकडचा शेतकरी चारीच्या कडेला कंदील घेऊन बसलेलाच असतो. पाटकऱ्याचं कोणी ऐकत नाही, आणि पाटकऱ्यांची पदं वर्षानुवर्षं भरली जात नाहीत. वरच्या अंगाला ऊस उभा राहतो, खाली हरभरा वाळतो. आठमाही पाणी द्यायचं, उसासारख्या बारमाही पिकाला मोकाट सोडायचं नाही, हा आग्रह शंकररावांनी धरला होता. तो टिकला असता तर जायकवाडीचं पाणी जास्त शेतांवर गेलं असतं, असं माझं ठाम मत आहे. तो टिकला नाही, कारण ऊस आला, उसामागे कारखाना आला आणि कारखान्यामागे निवडणूक आली.

शंकररावांनी 1976 मध्ये, ते मुख्यमंत्री असताना, विधिमंडळाकडून महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियम मंजूर करून घेतला. पाणी कोणाला, किती, कोणत्या अटीवर आणि मोडलं तर शिक्षा काय, हे ठरवणारा हा मूळ कायदा. कायदा केला की त्याखाली नियम करावे लागतात; नियमांशिवाय कायदा म्हणजे दात नसलेली करवत. या कायद्याचे नियम दशकानुदशकं झालेच नाहीत. 1934 चे मुंबई कालवे नियम तसेच चालू राहिले. छत्रपती संभाजीनगरच्या वाल्मीत, म्हणजे पैठण रस्त्यावरच्या जल व भूमी व्यवस्थापन संस्थेत, अनेक वर्षं शिकवलेले प्रदीप पुरंदरे यांनी हा मुद्दा लेखांतून, पुस्तकांतून आणि न्यायालयात लावून धरला. त्यांचं लिखाण वाचल्यावर मला शंकररावांच्या कारकिर्दीकडे नव्याने पाहावं लागलं. त्यांनी धरण उभं केलं, कायदा केला, वाल्मीसारखी संस्था त्यांच्याच जन्मगावाच्या वाटेवर उभी राहिली. पण कायद्यातून नियम, नियमातून पाळी, पाळीतून शेवटचं शेत ही साखळी तुटलेलीच राहिली. ती जोडण्याची जबाबदारी एकट्या मुख्यमंत्र्याची नव्हती. त्यानंतरच्या प्रत्येक विधानसभेतल्या मराठवाड्याच्या प्रत्येक आमदाराची ती होती.

पैठणच्या रेषेचं दुसरं अंग इथे लक्षात येतं. 1975 च्या कराराने पैठणच्या वरचं सगळं पाणी महाराष्ट्राचं झालं. आंध्रशी भांडण मिटलं. पण महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात पैठणच्या वरचं पाणी कोणाचं, नाशिकचं, नगरचं की जायकवाडीचं, हे त्या करारात नव्हतं आणि राज्यानेही लवकर ठरवलं नाही. वर धरणं होत राहिली. जलाशय पूर्ण भरण्याची सालं विरळ झाली आणि तळ गाठणारी सालं दाट झाली. 2012-13 च्या दुष्काळात मराठवाड्याची सहनशक्ती संपली. 2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात खोऱ्यातली टंचाई सर्वांनी समन्यायाने सोसावी, असं कलम होतंच. आता ते कलम घेऊन लोक न्यायालयात गेले. हिरालाल मेंढेगिरी यांच्या समितीने 2013 मध्ये अहवाल दिला, आणि 15 ऑक्टोबरला जायकवाडीतला उपयुक्त साठा 65 टक्क्यांखाली असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडावं, हे सूत्र आलं. सप्टेंबर 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने समन्यायी वाटपाच्या बाजूने निकाल दिला. तरीही 2023 च्या हिवाळ्यात पाणी सोडायचा प्रश्न आला तेव्हा पुन्हा तेच: वर विरोध, खाली रास्ता रोको, मधे अधिकारी. मराठवाड्याला धरण बांधणारा आमदार मिळाला होता. बांधलेल्या धरणातलं पाणी न्यायाने वाटून देणारा आमदार त्याला अजून मिळालेला नाही.

इथे पैठणच्या प्रत्यक्ष आमदारांविषयी थोडं लिहिणं भाग आहे, नाहीतर पैठणकर वाचक नाराज होतील, आणि त्यांची नाराजी रास्त असेल. या तालुक्याचं प्रतिनिधित्व सर्वाधिक काळ केलं ते पाचोडच्या संदीपान भुमरे यांनी. संत एकनाथ साखर कारखान्यातल्या किरकोळ नोकरीपासून त्यांनी सुरुवात केली. शिवसेनेकडून 1995, 1999, 2004, 2014 आणि 2019 अशा पाच निवडणुका जिंकल्या. 2009 ला राष्ट्रवादीचे संजय वाघचौरे यांच्याकडून हरले. 2019 नंतर ते रोजगार हमी आणि फलोत्पादन खात्याचे मंत्री झाले, 2022 मध्ये एकनाथ शिंदेंबरोबर गेले, 2024 मध्ये औरंगाबाद लोकसभा मतदारसंघातून खासदार झाले, आणि त्याच वर्षी पैठणची जागा त्यांचे चिरंजीव विलास भुमरे यांनी जिंकली. ही आमदारकी शंकररावांच्या आमदारकीपेक्षा अगदी वेगळ्या घडणीची. लग्न, दहावा, बोअर, डीपी, दवाखाना, तहसीलचं काम, या सगळ्याला धावून जाणारा आपला माणूस हे तिचं बळ. शंकररावांना ही कला फारशी अवगत नव्हती. त्यांच्याकडे काम घेऊन गेलेला माणूस उत्तराऐवजी अनेकदा नियम ऐकून परत यायचा. दोन्हींतली एक चांगली आणि दुसरी वाईट असं मी म्हणणार नाही. खेड्यातल्या माणसाला दोन्ही लागतात. प्रश्न असा की आपण मतं मात्र एकाच प्रकारच्या आमदारकीला देत आलो आहोत.

भुमरे यांच्याकडे जे खातं होतं, त्याचीही मुळं पाण्याच्याच दुष्काळात आहेत. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना 1972 च्या दुष्काळात राज्यभर गेली आणि 1977 च्या कायद्याने तिला हक्काचं रूप आलं. त्या दुष्काळात शंकरराव कृषिमंत्री होते. मराठवाड्यातल्या कितीतरी पाझर तलावांची आणि रस्त्यांची खडी त्या सालच्या बायाबापड्यांनी फोडलेली आहे. आणि जलाशयाच्या अगदी काठावर असून उंचीमुळे कालव्याचं पाणी ज्यांना मिळत नाही, त्या पैठण तालुक्यातल्या गावांसाठी ब्रह्मगव्हाण उपसा सिंचन योजना आखली गेली. ती वर्षानुवर्षं रखडत, सुधारित मान्यता घेत पुढे सरकत राहिली. धरणाच्या भिंतीवरून दिसणाऱ्या गावाला धरणाचं पाणी मिळवण्यासाठी पन्नास वर्षं भांडावं लागतं, यापेक्षा वाटपाच्या अपयशाचा मोठा पुरावा शोधायची गरज नाही.

तुलनेला महाराष्ट्रातलं आणखी एकच नाव घेतो. सांगोल्याचे गणपतराव देशमुख अकरा वेळा आमदार झाले, बहुतेक काळ विरोधी बाकांवर बसून. त्यांच्या हाती खातं क्वचितच होतं. त्यांनी प्रश्न विचारले, लक्षवेधी लावल्या, पाणी परिषदा भरवल्या आणि दुष्काळी तालुक्याच्या पाण्याचा विषय कधी थंड पडू दिला नाही. सत्तेत बसून धरण बांधणारे शंकरराव आणि सत्तेबाहेर राहून हक्क मागणारे गणपतराव यांना शेजारी ठेवून वाचलं, तर विधानसभेचा सदस्य काय काय करू शकतो, याची दोन टोकं दिसतात. मधली जागा मोठी आहे आणि बहुतेक रिकामी आहे.

शंकररावांच्या दुसऱ्या मुख्यमंत्रिपदाबद्दल, 1986 ते 1988, या पुस्तकात एकच प्रकरण आहे. शून्याधारित अर्थसंकल्पाचा प्रयोग त्यांनी तेव्हा राज्यात आणला: मागच्या वर्षी पैसे दिले म्हणून यंदा द्यायचे नाहीत, प्रत्येक योजनेने आपली गरज नव्याने सिद्ध करायची. प्रयोग फार काळ तग धरू शकला नाही. पण सरकारच्या प्रत्येक रुपयाला जाब विचारायची ही वृत्ती त्यांच्या पाटबंधारे खात्यातल्या वर्षांशी सुसंगत आहे, आणि सचिवालयाचं मंत्रालय झालं ते त्यांच्याच पहिल्या कारकिर्दीत, हेही त्याच वृत्तीचं अंग. राज्य सचिवांनी चालवायचं नाही, लोकांनी निवडलेल्या मंत्र्यांनी चालवायचं, आणि मंत्र्याने त्यासाठी फाइल स्वतः वाचायची. 1978 ते 1980 या काळात ते शरद पवारांच्या पुलोद मंत्रिमंडळात अर्थमंत्री होते. स्वतः मुख्यमंत्री राहून झालेला माणूस वयाने वीस वर्षांनी लहान मुख्यमंत्र्याच्या हाताखाली काम करतो, याबद्दल त्यांच्यावर टीकाही झाली. अर्थसंकल्पावरच्या त्यांच्या भाषणांत त्या कुचंबणेचा मागमूस मला दिसला नाही. आकडे आणि खर्चाची कारणं, एवढंच त्यात आहे.

हे पुस्तक लिहिताना मी मुख्यतः विधिमंडळातल्या चर्चांवर विसंबलो आहे. अर्थसंकल्पीय मागण्या, कपात सूचना, तारांकित प्रश्न आणि मंत्र्यांची उत्तरं. हे वाचन रूक्ष आहे, पण आमदाराच्या कामाचा त्याहून खरा दस्तऐवज नाही. सभेत काय बोलला हे लोक विसरतात. सभागृहात काय बोलला, कशावर गप्प बसला, हे छापून राहिलेलं असतं. या कागदांत पाण्याचा मंत्री दिसतो, बुडालेल्या गावाचा माणूस फार क्वचित दिसतो. दुसऱ्या बाजूचे कागद लोकांच्या घरांत आहेत: भूसंपादनाच्या नोटिसा, मावेज्याचे निवाडे, पुनर्वसनाचे प्लॉट-दाखले, सात नंबरच्या अर्जांच्या पावत्या, पाणीपट्टीची बिलं. पैठण, गंगापूर, शेवगाव, नेवासा आणि दोन्ही कालव्यांवरच्या गावांतल्या वाचकांना माझी विनंती आहे की घर बांधताना, वाडा पाडताना, माळा आवरताना असे कागद सापडले तर रद्दीत घालू नका. त्यांच्या छायाप्रती काढून गावच्या ग्रंथालयात किंवा शाळेत ठेवा, आणि मला कळवा. पुढच्या आवृत्तीत त्यांना जागा द्यायची आहे.